अमेरिकेत नोकरी गेल्यावर आरोग्यविमा: ओबामाकेअरमुळे खरंच परवडतो का? (आमचा हिशेब)

मोरपिसारा | ४ जानेवारी २०२६

ऑक्टोबरात नवऱ्याची नोकरी गेली. वय ५८, बारा वर्षांचा मधुमेह, दोन वर्षांपूर्वी बसवलेला एक स्टेंट. पगार थांबल्याची काळजी होतीच, पण माझी झोप उडाली ती विम्यामुळे. कंपनीचा विमा ३१ डिसेंबरला संपणार होता. त्यानंतर याच्या गोळ्या, इन्सुलिन आणि दर सहा महिन्यांची हृदयतपासणी कशी करायची, हा प्रश्न होता.

आम्ही टेक्सासात, डॅलसजवळ राहतो. मी घरून लहान दुकानदारांचे हिशेब सांभाळते, म्हणजे माझ्या बाजूनेही कंपनीचा विमा नाही. कोब्रा नावाच्या सोयीचं पत्र आलं. तोच जुना विमा १८ महिने चालू ठेवता येतो, पण कंपनी भरत होती तो वाटाही आपणच भरायचा, वर २ टक्के. दोघांचे महिन्याला २,३०० डॉलर. ते पत्र मी तीनदा वाचलं.

मग मार्केटप्लेसवर, म्हणजे ओबामाकेअरखालचा विमा विकत घ्यायच्या सरकारी पोर्टलवर बसले. आमच्याकडे राज्याचं स्वतंत्र पोर्टल नाही, हेल्थकेअर डॉट गव्ह हेच चालतं. आपल्यातले बरेच जण 'ते गरिबांसाठी असतं' असं म्हणून तिकडे फिरकतच नाहीत. मीही त्यातलीच होते, म्हणून सविस्तर लिहिते.

ओबामाकेअरचा कायदा (अफोर्डेबल केअर ॲक्ट) २३ मार्च २०१० ला झाला आणि त्यातला मुख्य भाग १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. तेव्हापासून विमा कंपनीला जुन्या आजारावरून नकार देता येत नाही, त्यासाठी जादा प्रीमियम लावता येत नाही आणि त्या आजारासाठी वाट पाहायलाही लावता येत नाही. दर ठरतो तो वय, राहण्याचं ठिकाण, तंबाखू आणि किती जणांचा विमा यांवर, एवढंच. वयाचं म्हणाल तर ६४ वर्षांच्या माणसाला २१ वर्षांच्या माणसाच्या तिपटीहून जास्त दर लावता येत नाही. अर्जात नवऱ्याच्या मधुमेहाबद्दल एकही प्रश्न नव्हता. मी पान मागे-पुढे करून पुन्हा पाहिलं, कुठेतरी असेलच म्हणून. नव्हता.

म्हणजे विमा मिळणं हा प्रश्न सुटला. परवडण्याचं गणित वेगळं आहे आणि यंदा ते बदललं आहे.

सरकार प्रीमियमवर टॅक्स क्रेडिट, म्हणजे करामार्फत मदत देतं. प्लॅनचे दर्जे ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड असे चढते असतात. तुमच्या भागातला दुसरा सर्वांत स्वस्त सिल्व्हर प्लॅन म्हणजे बेंचमार्क. तुमच्या उत्पन्नाच्या ठरावीक टक्क्यांपर्यंतचा भार तुमचा, त्यावरचं क्रेडिट. मूळ कायद्यात ही मदत दारिद्र्यरेषेच्या ४०० टक्क्यांवर बंद होती. २०२१ मध्ये ती अट उठवली आणि कुणालाही बेंचमार्कसाठी उत्पन्नाच्या ८.५ टक्क्यांहून जास्त भरावं लागणार नाही असं ठरलं. २०२२ च्या कायद्याने ते २०२५ अखेरपर्यंत वाढवलं. २०२५ मध्ये सरकारचं कामकाज ४३ दिवस बंद राहिलं ते याच मुद्द्यावर, पण मुदतवाढ मिळाली नाही आणि ३१ डिसेंबरला ती सोय संपली. आता ४०० टक्क्यांची रेषा परत आली आहे. दोघांच्या घराला २०२६ साठी ती ८४,६०० डॉलरवर पडते.

आमचा २०२६ चा अंदाज असा: माझं काम, नवऱ्याला मिळेल ते थोडं कंत्राटी काम, पुण्याच्या फ्लॅटचं भाडं आणि एनआरई ठेवींचं (परदेशी राहणाऱ्यांच्या भारतातल्या ठेवी) व्याज. हो, तेही धरायचं. भारतात त्या व्याजावर कर नाही, पण इथे ते उत्पन्नच आहे. हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही आणि मग रिटर्न भरताना घोळ होतो. एकूण ८९,०००. म्हणजे रेषेच्या वर, क्रेडिट शून्य. आमच्या काउंटीत आम्हा दोघांचा बेंचमार्क महिन्याला १,८५० डॉलर आहे, म्हणजे सगळे आमच्या खिशातून.

पण मी माझ्या पारंपरिक आयआरए (निवृत्तीच्या बचतीच्या) खात्यात वर्षभरात ८,६०० टाकणार आहे (पन्नाशीच्या पुढच्यांची यंदाची मर्यादा तेवढी आहे). ते मोजायच्या उत्पन्नातून वजा होतात. उरले ८०,४००. त्यावर आमचा वाटा ९.९६ टक्के, म्हणजे महिन्याला ६६७. उरलेले ११८३ क्रेडिट. वर्षाचे १४,००० च्या वर, आणि बाजूला टाकलेले ८,६०० आमच्याच म्हातारपणाला. रेषेच्या अलीकडे आणि पलीकडे इतकं अंतर आहे.

आणखी एक गोष्ट. मी सिल्व्हर घेणार होते, पण आमच्या काउंटीत गोल्डचा प्रीमियम सिल्व्हरपेक्षा कमी निघाला. मला वाटलं साइट चुकली. साइट बरोबर होती. कमी उत्पन्नाच्या लोकांना सिल्व्हरवर कोपे (दर भेटीला आपण भरायची रक्कम) आणि डिडक्टिबल (विमा पैसे देऊ लागण्याआधी आपण भरायची रक्कम) यांत जी सूट द्यावी लागते, तिचे पैसे केंद्राने २०१७ च्या अखेरीस विमा कंपन्यांना देणं थांबवलं. कंपन्यांनी तो खर्च सिल्व्हरच्या दरात चढवला. बेंचमार्क सिल्व्हर असल्यामुळे क्रेडिट फुगलं आणि तेच क्रेडिट गोल्डवर लावता येतं. आम्ही गोल्ड घेतला. महिन्याला ५९४. हृदयाचे डॉक्टर नेटवर्कमध्ये (विमा कंपनीशी करार असलेल्यांत) आहेत का ते विमा कंपनीला आणि दवाखान्याला, दोन्हीकडे फोन करून विचारलं.

१ जानेवारीपासून विमा चालू आहे. कुणाला हिशेब करून बघायचा असेल तर आकडे लिहा, मी जमेल तसं बघते. २०२६ च्या विम्यासाठीचं ओपन एन्रोलमेंट (वर्षाचा विमा घ्यायची ठरावीक मुदत) १५ जानेवारीला संपतंय.

---

शेवंती | ४ जानेवारी

मोरपिसारा, वाचून बरं वाटलं गं. आम्ही न्यू जर्सीत ९६ पासून आहोत. २०१४ च्या आधीचं मुलींना सांगितलं तर खरं वाटत नाही.

ह्यांनी नोकरी सोडून दुकान घेतलं तेव्हाची गोष्ट, तेव्हा आम्ही दुसऱ्या राज्यात होतो. विम्याच्या अर्जाला चौदा पानं. दहा वर्षांत कुठल्या डॉक्टरकडे गेलात, का गेलात, कुठली औषधं घेतली. धाकटीच्या वेळी मला साखर आली होती, बाळंतपणानंतर गेलीसुद्धा. तेवढ्यावर मला नकार. ह्यांना आणि मुलींना विमा मिळाला, मला नाही. चार वर्षं मी विम्याशिवाय काढली. छातीत गाठ लागली तेव्हा दाखवायला पाच महिने थांबले, कारण खर्च किती येईल ते कुणी सांगेना. गाठ साधी निघाली. पण ते पाच महिने मी मोजून काढलेत.

आता मॅमोग्राम, कोलोनोस्कोपी, लसी हे सगळं नेटवर्कमध्ये केलं तर कोपे नाही, डिडक्टिबलही नाही. मैत्रिणींनो, ते करून घ्या. त्याचे पैसे प्रीमियममध्ये भरलेलेच आहेत.

न्यू जर्सीच्या मंडळींसाठी: आपलं राज्य केंद्राच्या क्रेडिटवर स्वतःची मदत देतं, दारिद्र्यरेषेच्या ६०० टक्क्यांपर्यंत. पोर्टल 'गेट कव्हर्ड एनजे'. आणि आपल्याकडे २०२६ साठीची मुदत ३१ जानेवारीपर्यंत आहे.

---

सह्यवारा | ५ जानेवारी

माझा अनुभव उलटा आहे, तोही लिहितो. फिनिक्समध्ये राहतो, स्वतंत्र सल्लागार म्हणून काम करतो, आम्ही चौघं. उत्पन्न १,४०,०००. गेल्या वर्षी ८.५ टक्क्यांच्या हिशेबाने महिन्याला ९९२ पडत होते. यंदा त्याच प्लॅनला २,०५०. एक डॉलरची मदत नाही. चौघांची रेषा १,२८,६००, मी तिच्या वर.

आमच्यासारखा माणूस मधल्यामध्ये सापडतो. श्रीमंत नाही, गरीबही नाही, मागे कंपनी नाही. आणि मूळ प्रीमियम वाढले ते याच कायद्यानंतर. २०१३ ते २०१७ मध्ये वैयक्तिक बाजारातले दर दुपटीच्या आसपास गेले होते. ते विसरून चालणार नाही. कायदा परवडणारा करतो म्हणजे नेमका कुणासाठी?

---

मोरपिसारा | ५ जानेवारी

सह्यवारा, तुमचा राग रास्त आहे. ४०० टक्क्यांवर एकदम कडा, ही या कायद्यातली पहिल्या दिवसापासूनची चूक आहे असं माझं स्पष्ट मत आहे. उतरण ठेवायला हवी होती. २०२१ ते २०२५ ती होती, आणि ती जाऊ दिली याचा मलाही राग आहे.

दर वाढले हेही खरं. पण त्याआधी ते कमी का होते ते शेवंतीताईंनी लिहिलंय. आजारी माणूस बाहेर ठेवला की आत उरलेल्यांना विमा स्वस्त पडतोच. शिवाय तेव्हाच्या कितीतरी पॉलिसींत बाळंतपण नव्हतं, मानसिक आजार नव्हते, वर्षाच्या खर्चाला वरची मर्यादा असायची. आता दहा प्रकारचे उपचार द्यावेच लागतात आणि अशी मर्यादा घालता येत नाही. उलट आपल्या खिशातून जास्तीत जास्त किती जाईल त्याला मर्यादा आहे: यंदा एकाला १०,६०० आणि कुटुंबाला २१,२००. मोठी रक्कम आहे, पण बायपासच्या बिलापुढे ती कुठेतरी थांबते. आणि प्रीमियमच्या ८० टक्के तरी कंपनीने उपचारांवर खर्च केले पाहिजेत, नाहीतर फरक परत द्यावा लागतो.

आता तुमचा हिशेब. तुम्ही रेषेच्या ११,४०० वर आहात. स्वतःचा धंदा आहे, तर सोलो ४०१(के), म्हणजे एकट्याने धंदा करणाऱ्याचं निवृत्तीखातं उघडता येईल. यंदा त्यात स्वतःच्या वाट्याचे २४,५०० पर्यंत टाकता येतात. सगळे टाकलेत तर मोजायचं उत्पन्न १,१५,५००, तुमचा वाटा महिन्याला साधारण ९५९, बाकी क्रेडिट. म्हणजे जवळपास गेल्या वर्षीइतकंच. निम्मे टाकलेत तरी रेषेच्या आत याल. रॉथ (आधी कर भरून पैसे टाकायचा प्रकार) नको, पारंपरिकच घ्या. रॉथमध्ये टाकलेलं वजा होत नाही.

हातात तेवढे पैसे बाजूला टाकायची सोय नसेल तर हा सल्ला कामाचा नाही, हे मला कळतं.

एक धोका मात्र नीट लक्षात ठेवा. क्रेडिट आधी अंदाजावर मिळतं आणि खरा हिशेब पुढच्या वर्षी रिटर्नसोबतच्या फॉर्म ८९६२ वर होतो. उत्पन्न जास्त निघालं तर रेषेच्या आत असणाऱ्यांना पूर्वी परतफेडीला मर्यादा होती. २०२६ च्या करवर्षापासून ती गेली. जास्त घेतलेलं सगळं परत. म्हणून डिसेंबरात एखादं मोठं बिल आलं किंवा शेअर विकले तर त्या वेळी कागद काढून बसा. वर्षात मध्येच उत्पन्न बदललं तर पोर्टलवर जाऊन सुधारा.

---

रानजाई | ७ जानेवारी

माझे आईबाबा मार्चमध्ये ग्रीनकार्डवर येताहेत. बाबा ७१, आई ६७. बाबांना बीपी आणि प्रोस्टेट, आईचे गुडघे. मेडिकेअर (६५ च्या वरच्यांचा सरकारी विमा) मिळणार नाही असं एका एजंटाने सांगितलं आणि प्रवासी विमा विकायला लागला. दोघांचा म्हणे सहा महिन्यांचा काढून ठेवा. कुणाला माहिती आहे का?

---

टेकडी | ७ जानेवारी

रानजाई, थांब, तो घेऊ नकोस. यातून आम्ही २०२१ मध्ये गेलोय.

मेडिकेअरसाठी ६५ च्या वरच्या ग्रीनकार्डधारकाने सलग पाच वर्षं इथे राहिलेलं असावं लागतं, एजंटाचं तेवढं खरं. पण म्हणून मार्केटप्लेस बंद नाही. कायम राहायला आलेल्या, मेडिकेअर न मिळणाऱ्या ७१ वर्षांच्या माणसालाही तो विमा घेता येतो, आणि बाबांच्या बीपीवरून नकार नाही. अमेरिकेत राहायला आल्यापासून ६० दिवसांत अर्ज करायचा, ओपन एन्रोलमेंटची वाट बघायची नाही. विमानाची तिकिटं, पासपोर्टवरचा शिक्का, कार्डाची प्रत सगळं जपून ठेव.

प्रवासी विमा पाहुणे म्हणून आलेल्यांसाठी ठीक. त्यात जुने आजार बहुधा वगळलेलेच असतात आणि तुझ्या आईबाबांची मुख्य गरज तीच आहे.

आता पैशांचं. ते स्वतःचं रिटर्न वेगळं भरणार की तू त्यांना तुझ्या रिटर्नवर अवलंबून दाखवणार, यावर सगळं ठरतं. पूर्वी त्यांचं उत्पन्न अगदी थोडं असलं तरी, पाच वर्षांच्या अटीमुळे मेडिकेड (कमी उत्पन्नाच्या लोकांचा सरकारी विमा) मिळत नाही म्हणून, क्रेडिट मिळायचं. आमच्या सासूसासऱ्यांना तसंच मिळालं होतं. १ जानेवारी २०२६ पासून ती वाट बंद झाली. आता दोघांचं उत्पन्न वर्षाला निदान २१,१५० हवं. बाबांचं पेन्शन, नागपूरचं भाडं, ठेवींचं व्याज, सगळं डॉलरमध्ये मांडून बघ. कदाचित बसेल. तुझ्या रिटर्नवर घेतलंस तर तुझं उत्पन्न धरलं जाईल, पण माणसं वाढल्यामुळे रेषाही वर जाते. सहा जणांच्या घराला ती १,७२,६०० आहे.

आणि पाच वर्षं पुरी झाली की मेडिकेअरच्या तारखा चुकवू नकोस. पार्ट बीला (मेडिकेअरचा डॉक्टरांच्या खर्चाचा भाग) उशीर झाला तर दंड कायमचा लागतो.

---

रानजाई | ७ जानेवारी

बाबा एलआयसीतून निवृत्त झालेत, पेन्शन आणि दोन भाडी मिळून २१ हजारांच्या थोडं वर जातंय! तेही व्याज न धरता. टेकडीताई, किती मोठं ओझं उतरवलंत. आज त्यांना फोन करून सगळी कागदपत्रं काढायला सांगते.

---

पाणकळा | ८ जानेवारी

एक सावध करायचं आहे. नेटवर 'स्वस्त आरोग्यविमा' शोधलं की फोन सुरू होतात. मी २०२३ मध्ये घाईत महिना १४० डॉलरचा एक प्लॅन घेतला. विकणाऱ्या माणसाने तीनदा सांगितलं की हा ओबामाकेअरसारखाच आहे. तो अल्पमुदतीचा प्लॅन होता. पित्ताशयाचं ऑपरेशन करावं लागलं आणि कंपनीने माझे जुने अहवाल मागवून 'त्रास आधीपासूनचा' म्हणून दावा फेटाळला. ३१,००० डॉलरचं बिल. रुग्णालयाच्या आर्थिक मदत विभागाशी पाच महिने बोलून ते बरंच कमी करून घेतलं, बाकीचं अजून फेडतोय.

अर्जात तब्येतीचे प्रश्न विचारले तर समजा की हा तो विमा नव्हे. खऱ्या प्लॅनमध्ये तंबाखूचं विचारतात, आजारांचा इतिहास विचारत नाहीत. थेट सरकारी पोर्टलवर जा.

---

निरांजन | ९ जानेवारी

नमस्कार, मी नाशिकहून लिहितेय. धागा दोनदा वाचला. मुलगा ओहायोत आहे, २८ वर्षांचा, एच-१बी वर. कंपनी लहान आहे, विमा देत नाही. तो म्हणतो, आई मला काय होतंय, मी धडधाकट आहे. गेल्या महिन्यात सायकलवरून पडला आणि दवाखान्यात गेलाच नाही, बिलाच्या भीतीने. मला इथे बसून काहीच करता येत नाही. त्याला यातलं काही मिळेल का?

---

मोरपिसारा | ९ जानेवारी

काकू, त्याला मिळेल. एच-१बी वर कायदेशीर राहणाऱ्याला मार्केटप्लेसवर विमा घेता येतो. पन्नासपेक्षा कमी पूर्णवेळ माणसं असलेल्या कंपनीवर विमा देण्याची सक्ती नाही, तेव्हा कंपनीचंही काही चुकत नाही.

त्याचा पगार ६२,६०० च्या वर असेल (बहुतेक असेलच) तर क्रेडिट नाही, पण २८ व्या वर्षी मूळ दर कमी असतात. त्याला दोन पर्याय बघू द्या. तिशीच्या आतल्यांसाठी कॅटॅस्ट्रॉफिक प्लॅन असतो: वर्षातून डॉक्टरांच्या तीन भेटी डिडक्टिबलच्या आधीच, मोठा अपघात झाला तर १०,६०० च्या पुढचं कंपनीचं. किंवा ब्रॉन्झ. यंदापासून मार्केटप्लेसवरच्या या दोन्ही प्रकारांबरोबर एचएसए (आरोग्यखर्चाच्या बचतीचं) खातं उघडता येतं, त्यात ४,४०० पर्यंत टाकले तर तेवढ्यावर कर वाचतो.

त्याच्या ज्या मित्रांना क्रेडिट मिळतंय त्यांना एक सांगायला सांगा: २०२७ पासून एच-१बी सारख्या व्हिसावर असलेल्यांना क्रेडिट बंद होतंय. ग्रीनकार्ड असलेल्यांना चालू राहील. विमा घेता येईल, पण पूर्ण दराने.

१५ तारखेपर्यंत अर्ज केला तर १ फेब्रुवारीपासून लागू. त्याला हा धागा पाठवा. आणि पडल्याचं अजून दुखत असेल तर त्याच्या भागातल्या कम्युनिटी हेल्थ सेंटरमध्ये जाऊ दे, तिथे उत्पन्न पाहून फी लावतात. विम्याची वाट पाहत दुखणं अंगावर काढू नये.

---

शेवंती | १० जानेवारी

काकू, ओहायोत माझी भाची आहे. त्याला कुणाशी मराठीत बोलावंसं वाटलं तर मला निरोप पाठवा, मी तिला सांगते.

---

चिंचबन | १० जानेवारी

नवऱ्याच्या ऑफिसचा विमा असलेल्यांसाठी थोडंसं. माझ्या नवऱ्याला त्याच्या एकट्याचा विमा महिन्याला ९० पडतो, पण मला आणि मुलांना जोडलं तर १,३४०. पूर्वी नियम असा होता की त्याच्या एकट्याचा परवडतोय म्हणजे सगळ्या घराचा परवडतोय, त्यामुळे आम्हाला मार्केटप्लेसवर क्रेडिट नाही. २०२३ पासून तो बदलला. आता घरच्यांचा प्रीमियम वेगळा मोजतात आणि तो उत्पन्नाच्या ९.९६ टक्क्यांहून (यंदाचा आकडा) जास्त असेल तर घरच्यांना क्रेडिट मिळू शकतं. तो ऑफिसच्याच विम्यावर राहिला, मी आणि दोन्ही मुलं मार्केटप्लेसवर. महिन्याला जवळपास ६०० वाचतात. दोन डिडक्टिबल सांभाळावे लागतात, एवढाच त्रास.

---

सह्यवारा | १२ जानेवारी

मोरपिसारा, दोन रात्री बसून गणित केलं. १६,००० सोलो ४०१(के) मध्ये टाकणं जमेल, दरमहा थोडे थोडे करून. उत्पन्न १,२४,०००, वाटा महिन्याला १,०२९. म्हणजे २,०५० च्या जवळजवळ निम्मं. राग गेलेला नाही, पण मुलांचा विमा सुटणार नाही.

एकच शंका: वर्षअखेर एखादा क्लायंट जास्तीचं बिल लगेच भरतो म्हणाला तर?

---

मोरपिसारा | १२ जानेवारी

रेषा १,२८,६००. तुमच्याकडे ४,६०० ची जागा आहे. सप्टेंबरनंतर दर महिन्याला जमा झालेलं मांडत चला. जागा भरत आली तर बिल जानेवारीत पाठवा, किंवा ४०१(के) मध्ये उरलेली मर्यादा वापरा, तिथे अजून ८,५०० शिल्लक आहेत. ते खातं वर्ष संपायच्या आत उघडलेलं बरं, म्हणून याच महिन्यात उघडून टाका.

आणि आज अर्ज भरताना ऑटोपे लावलंत तरी पहिला हप्ता स्वतः भरून पावती ठेवा. पहिला हप्ता पोचल्याशिवाय विमा सुरू होत नाही.